आठ जणांचा भात

पावसाळ्यात खडवलीचं नाव वर्तमानपत्रात येतं ते बहुतेक एकाच प्रकारच्या बातमीत. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना टिटवाळ्यानंतरचं हे स्टेशन. उतरून थोडं चाललं की भातसा नदी लागते. रविवारी मुंबई-ठाण्याकडून तरुणांचे घोळके येतात, पाण्यात उतरतात, आणि संध्याकाळी त्यांच्यातला एखादा सापडत नाही. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात मनाई आदेश काढतं, काठावर फलक लागतात. तरीही बातमी पुन्हा येते, फक्त त्यातली नावं बदलतात.

संपादकांनी या अंकासाठी ‘नेतृत्व’ हा विषय दिला, तेव्हा मोठ्या माणसांकडे जायचं नाही एवढं मी ठरवलं. नेतृत्व तेरा-चौदा वर्षांचं असताना कसं दिसतं, ते पाहायचं होतं. कल्याणमधल्या एका मराठी शाळेचं स्काऊट-गाईड पथक थंडीत खडवलीजवळ निवासी शिबिराला जाणार होतं. नदीपासून अंतर राखून असलेल्या एका मोकळ्या आवारात. मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी घेऊन मी त्यांच्याबरोबर गेले. बुडण्याच्या बातम्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात ‘तयार राहा’ हे ब्रीद सांगणारी मुलं काय शिकतात, हा प्रश्न मनात होताच.

कसारा लोकलमधलं सामान

कसारा लोकलमध्ये चढतानाच पथकाची रचना लक्षात येते. बाई आणि सर डब्याच्या दोन टोकांना उभे. मुलं मात्र त्यांच्याभोवती गोळा झालेली नाहीत, आपापल्या संघात उभी आहेत. मुलांचे दोन संघ, मुलींचे दोन. स्काऊटांच्या संघांना प्राण्यांची किंवा पक्ष्यांची नावं असतात, गाईडच्या संघांना फुलांची. इथे वाघ आणि गरुड होते, कमळ आणि मोगरा होते. प्रत्येक संघाचा एक संघनायक, एक उपसंघनायक. खडवलीला गाडी फार थांबत नाही, त्यामुळे तंबूचे गुंडाळे, पातेली, दोर आणि काठ्या कोणी कशा उतरवायच्या हे आधीच ठरलेलं. फलाटावर प्रत्येक संघनायकाने आपली माणसं मोजली आणि मग सरांना सांगितलं. सरांनी स्वतः एकदाही डोकी मोजली नाहीत.

मला वाटतं, सगळी स्काऊट चळवळ या एका गोष्टीवर उभी आहे. एका संघात सहा ते आठ मुलं. असे चार संघ झाले की पथक भरलं, म्हणजे जास्तीत जास्त ३२. वर्गात साठ मुलं असतात आणि त्यातला एक मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो. त्याच्याकडे अधिकार असतो, पण त्या साठांपैकी कोणी जेवलं की नाही, कोणाचा पाय मुरगळला, याच्याशी त्याचा संबंध नसतो. संघनायकाचा असतो. आठ जण ही संख्या अशी आहे की प्रत्येकाचं तोंड दिसतं, कोणी रुसलं तर लगेच कळतं, आणि एकाने अंग चोरलं तर बाकीच्या सातांवर ओझं येतं.

रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १ ऑगस्ट १९०७ पासून इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं, तेव्हा २० मुलं होती आणि त्यांचे चार संघ पाडले होते. त्यात श्रीमंतांच्या निवासी शाळेतली मुलं होती आणि कामगार घरांतलीही. पुढे रोलंड फिलिप्स या तरुण कार्यकर्त्याने १९१४ च्या सुमारास संघपद्धतीवर छोटं पुस्तक लिहिलं. तो पहिल्या महायुद्धात १९१६ साली मारला गेला, पण त्याने मांडलेली गोष्ट टिकली: संघ हा पथकाचा सोयीसाठी केलेला तुकडा नाही, पथकच संघांचं बनलेलं असतं. मुलाला खरी जबाबदारी द्यायची, आणि दिली की मागे सरायचं.

मागे सरणं किती कठीण असतं, ते दुपारी दिसलं.

चुलीपाशी

तंबू लागले, काठ्या आणि सुतळीच्या बांधणीने चपला ठेवायची मांडणी झाली, भांड्यांसाठी घडवंची झाली. स्वयंपाकाच्या जागेपासून दूर दोन खड्डे खणले गेले, एक सांडपाण्याचा आणि एक सुक्या कचऱ्याचा. सांडपाण्याच्या खड्ड्यावर गवताची जाळी अंथरली, म्हणजे खरकटं वर अडकतं आणि जाळीसकट काढून पुरता येतं. डोंबिवली-कल्याणच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, घरी ताट उचलून सिंकमध्ये ठेवण्यापलीकडे न गेलेल्या मुलांना हे खड्डे फार आवडतात असं दिसलं. आपण टाकलेलं पुढे कुठे जातं, हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं.

मग चुली. तीन दगड, वाऱ्याची दिशा पाहून मांडलेले. प्रत्येक संघाला डाळ, तांदूळ, भाजी, तेल, मीठ-मसाला मोजून दिलेला. पुन्हा मिळणार नाही, हे स्पष्ट सांगितलेलं.

गरुड संघाचा नायक नववीतला, अभ्यासात हुशार. त्याने कामं भराभर वाटली: दोघं पाण्याला, दोघं लाकडांना, एक भाजी चिरायला. भात त्याने स्वतःकडे ठेवला. लाकडं ओली निघाली, धूर झाला, म्हणून तो लाकडं पाहायला गेला. तिकडे पाणी आणणाऱ्यांमध्ये बाचाबाची सुरू होती, म्हणून तिकडे गेला. परत आला तेव्हा पातेल्याच्या तळाला भात लागला होता आणि वर कच्चा होता. पाच पावलांवर सर उभे होते. करपल्याचा वास त्यांना आधी आला असणार, मलाही आला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हलले नाहीत.

आठ जणांनी करपलेला भात खाल्ला. कोणी काही बोललं, कोणी गप्प राहिलं. संघनायकाने सगळ्यांना वाढल्यावर तळाचा भाग स्वतःच्या ताटात घेतला. त्याला कोणी तसं सांगितलं नव्हतं.

नंतर सर मला म्हणाले की ते दोन पावलं पुढे गेले असते तर भात वाचला असता. पण मुलाला मग एवढंच कळलं असतं की आपण चुकलो तर सर येतात. रात्रीच्या जेवणाला त्याच मुलाने भात उपनायकाकडे दिला आणि स्वतः कुठलंच काम हातात घेतलं नाही, फक्त चुलीभोवती फिरत राहिला. कोणाला काय हवंय ते पाहत होता. दुपारी तो आठ कामं एकटा करायला निघाला होता. संध्याकाळी त्याने कामं माणसांवर सोडली होती. या लेखासाठी मी नेतृत्वावर बरंच वाचलं होतं, त्या सगळ्यापेक्षा त्या दोन जेवणांमधले सहा-सात तास मला जास्त शिकवून गेले.

कमळ संघाची गोष्ट निराळी. त्यांची संघनायिका आठवीतली, बोलण्यात फार मागे. तिचा स्वयंपाक बिघडला नाही, कारण तिला घरी रोज करावा लागतो. तिच्या संघातल्या दोन मुलींना चूल पेटवता येत नव्हती. तिने पेटवून दिली नाही. शेजारी बसून त्यांच्याकडून तीनदा करून घेतली. शाळेत तिची ओळख ‘शांत मुलगी’ एवढीच आहे, असं बाईंनी सांगितलं. वर्गात तिच्या हातातल्या कामाला किंमत नाही, इथे होती.

साम्राज्याची टोपी आणि आपला स्कार्फ

ही चळवळ आपल्याकडे आली ती साम्राज्याबरोबर, हे लपवायचं कारण नाही. बेडन-पॉवेल ब्रिटिश सैन्यातले अधिकारी होते, तरुणपणी आणि नंतरही हिंदुस्थानात तैनात होते. १८९९-१९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंगच्या वेढ्यात, जो २१७ दिवस चालला, लहान मुलांचं कॅडेट दल निरोप पोचवण्याची कामं करत होतं. मुलांवर विश्वास टाकला की ती तो पेलतात, ही त्यांची धारणा तिथे पक्की झाली. १९०८ मध्ये त्यांचं ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ आलं, १९०९ मध्ये बंगळूरला भारतातलं पहिलं पथक निघालं. १९११ मध्ये जबलपूरला मुलींचं पहिलं गाईड पथक सुरू झालं. पण ही सुरुवातीची पथकं युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. हिंदी मुलांना दार बंद होतं.

म्हणून आपल्या लोकांनी आपलं दार काढलं. १९१६ मध्ये मद्रासला अ‍ॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी हिंदी मुलांसाठी स्काऊट संघटना काढली. १९१८ मध्ये अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीचं स्काऊट दल उभं केलं. कुंभमेळ्यातली गर्दी, हरवलेली म्हातारी माणसं, पाणी, आजारपण हे त्यांचं क्षेत्र होतं. ब्रिटिश स्काऊटिंगमध्ये जंगल आणि माग काढणं केंद्रस्थानी होतं, आपल्याकडे ती जागा जत्रा आणि गर्दीने घेतली. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. आपल्या देशात माणसं हरवतात ती गर्दीत.

मध्ये कटुताही आली. १९३७ च्या सुमारास बेडन-पॉवेल यांनी हिंदी लोकांच्या स्वभावाबद्दल काढलेल्या अपमानास्पद उद्गारांनी अनेक जण त्यांच्या संघटनेतून बाहेर पडले. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० ला वेगवेगळ्या संघटना एकत्र होऊन ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गाईड संघटनाही तीत आली. महाराष्ट्राच्या बाजूने पाहिलं तर नागपूरचे न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांचं नाव घ्यायलाच हवं. पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या या न्यायाधीशाने वर्षानुवर्षं स्काऊट पथकांसाठी वेळ दिला. दादरच्या शिवाजी पार्कला गेलेल्यांनी तिथली स्काऊटांची वास्तू पाहिलेली असते, तीही याच इतिहासातली.

महाराष्ट्रात याच काळात मुलांसाठी दुसरीही वाट उभी राहत होती. ४ जून १९४१ ला पुन्हा उभारलेल्या राष्ट्र सेवा दलात एस. एम. जोशी, साने गुरुजी यांच्या सहवासात मुलं घडली. तिथे मुलगे आणि मुली एका मैदानावर होते, विषमतेचा प्रश्न उघडपणे बोलला जाई. स्काऊट चळवळीने तो विचार तेवढ्या थेटपणे कधी मांडला नाही. तिचा भर हाताच्या कामावर राहिला. दोन्हींचा मेळ बसला असता तर किती बरं झालं असतं, असं शिबिरात अनेकदा वाटलं.

आणि एक गोष्ट मुंबईकरांनी माहीत ठेवावी अशी. लहान कब मुलं आपल्या प्रमुखाला ‘अकेला’ म्हणतात, ते ‘जंगल बुक’मधल्या लांडग्यावरून. ती कथा घडते मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या रानात, आपल्या पेंचला लागूनच. ती लिहिणारा किपलिंग १८६५ मध्ये जन्मला तो मुंबईत, जे. जे. कला विद्यालयाच्या आवारात. त्याच्याच ‘किम’वरून घेतलेला खेळ खडवलीला दुसऱ्या दिवशी झाला. चादरीखाली २४ वस्तू, मिनिटभर पाहायच्या, मग आठवून लिहायच्या. एका मुलीने सगळ्या लिहिल्या आणि वर हेही लिहिलं की सुरीचं टोक कोणाच्या बाजूला होतं.

नदीपासून दूर, नदीबद्दल

मुलांना नदीवर नेलं नाही. उंचावरून दाखवली. माझ्या दृष्टीने शिबिरातला सर्वांत महत्त्वाचा तास तोच होता.

हे पाणी कुठून येतं, या प्रश्नापासून बाईंनी सुरुवात केली. वर शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं पाणी भातसेचं. धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच खाली वाहत पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून मुंबईसाठी उचललं जातं. म्हणजे इथे पाऊस नसला, आकाश निळं असलं, तरी वरून सोडलेल्या पाण्यावर पात्राची पातळी बदलू शकते. गुडघाभर दिसणाऱ्या पाण्यात शेवाळलेले खडक असतात, मध्येच डोह असतो. चौपाटीवर पोहायला शिकलेल्याचाही इथे अंदाज चुकतो. मुलांचे डोळे मोठे झाले. ज्या नळाचं पाणी आपले मुंबईतले मावशी-काका पितात, ते या नदीतून जातं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग मैदानावर सराव. एक मुलगा ‘बुडणारा’, आखलेल्या रेषेपलीकडे. नियम असा की रेषा कोणी ओलांडायची नाही. आधी ओरडून माणसं गोळा करायची आणि बुडणाऱ्याला धीर द्यायचा. काठी पोचत असेल तर आडवं झोपून काठी पुढे करायची. नसेल तर दोर फेकायचा, दोराच्या टोकाला तेलाचा पाच लिटरचा रिकामा, घट्ट बंद केलेला कॅन बांधायचा, म्हणजे तो तरंगतो. पाण्यात उडी मारायची नाही. हे चौथं वाक्य बाईंनी पुन्हापुन्हा म्हणून घेतलं. आपल्याकडे एका बुडणाऱ्यामागे दुसरा, तिसरा जातो, एका कुटुंबातली तीन-तीन माणसं जातात, ती याच उडीमुळे. बुडणारा माणूस समोर येईल त्याला मिठी मारतो आणि खाली ओढतो.

गाठींचा अर्थ मला इथे लागला. शाळेत असताना रीफ नॉट, क्लोव्ह हिच, शीट बेंड या गाठी परीक्षेसाठी पाठ करणारी मुलं मी पाहिली होती. इथे बोलाईन नॉटचा फास एका मुलीने स्वतःच्या कमरेभोवती एका हाताने बांधून दाखवला. हा फास ओढला तरी आवळत नाही, म्हणून माणसाला ओढून घेताना हाच वापरायचा. आवळत जाणारी गाठ छाती दाबेल.

बाहेर काढलेल्या माणसाला खांद्यावर टाकून गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं हे अजून सर्रास होतं. त्यात वेळ जातो, आणि वेळच हातात नसतो. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा, छाती दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि कोणीतरी १०८ ला फोन लावायचा. बाहुली नव्हती, त्यामुळे गुंडाळलेल्या सतरंजीवर सराव झाला. दोन मिनिटांत मुलांच्या हाताला घाम फुटला. मग अदलाबदल कशी करायची ते शिकवलं, कारण हे काम एकट्याचं नाही.

नंतर सापाचा विषय निघाला. ठाणे जिल्ह्यातल्या गावांत नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचा धोका खरा आहे. जुन्या पुस्तकांत वर आवळून बांधा, चीर द्या, असं लिहिलेलं असे. आता तसं करत नाहीत. माणसाला शांत झोपवायचं, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, आणि सर्पदंशावरचं प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं. गळ्यातल्या स्कार्फची झोळी झाली, दोन काठ्या आणि दोन शर्टांचं स्ट्रेचर झालं, त्यावर वाघ संघाने आपल्यातल्या सर्वांत जड मुलाला उचललं. नेताना डोकं कुठल्या बाजूला, चढावर काय बदल, यावर चौघांत वाद झाला आणि त्यांनीच तो मिटवला.

२७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती. हजाराहून अधिक प्रवासी बाहेर काढले गेले. एनडीआरएफ आणि नौदल पोचले, पण आसपासच्या गावांतली माणसंही मदतीला धावली. अशा वेळी सर्वांत आधी पोचतो तो शेजारी. त्या शेजाऱ्याच्या हाताला काय येतं, हा प्रश्न उल्हास-भातसेच्या खोऱ्यात राहणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

बॅज, गुण आणि नोकरी

स्काऊटच्या वाटेवर पायऱ्या असतात: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. यात काही वर्षं जातात. दहावीला सवलतीचे गुण मिळू शकतात. रेल्वेत स्काऊट-गाईड कोट्यातून भरती होते, तिथे राष्ट्रपती पुरस्काराला किंमत आहे. रेल्वेची स्वतःची स्काऊट संघटना आहे, उन्हाळ्यात स्थानकांवर प्रवाशांना पाणी देणारी तिची मुलं अनेकांनी पाहिली असतील. कल्याणसारख्या रेल्वेच्या गावात, जिथे कित्येक घरांत कोणी ना कोणी रेल्वेत आहे, हा कोटा पालकांना चांगला ठाऊक असतो.

याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. गरीब घरातल्या मुलाने नोकरीसाठी सेवा शिकली तर ती सेवा खोटी ठरत नाही. पण काही शाळांत बॅज आधी येतो आणि काम मागून, किंवा येतच नाही. नोंदवही घरी बसून भरली जाते. ‘खरी कमाई’चं उदाहरण घ्या. मुलांनी स्वतःच्या कष्टाने थोडे पैसे मिळवावेत, त्यातून श्रमाची किंमत कळावी, असा हा उपक्रम. आता अनेक ठिकाणी आया रात्री जागून भेळ आणि इडल्या करतात, मुलं टेबलामागे उभी राहतात, आणि फोटो निघतो. कमाई आईची असते. या पथकाने तो उपक्रम बदलला होता. मुलांनी सोसायट्यांमध्ये सायकली धुतल्या, जुन्या वह्यांतले कोरे कागद काढून नव्या वह्या शिवून विकल्या. पैसे कमी आले. त्यांतूनच दोर आणि प्रथमोपचाराची पेटी आली, म्हणून कॅनला दोर बांधताना तो जपून वापरायला कोणाला सांगावं लागलं नाही.

सक्ती केली तर? इंडोनेशियात जगातली सर्वांत मोठी स्काऊट संघटना आहे. २०१३ च्या अभ्यासक्रमाने स्काऊटिंग शाळांमध्ये अनिवार्य केलं आणि २०२४ मध्ये विद्यार्थ्यांवरची ती सक्ती काढली. चुलीपाशी जे घडलं ते हुकमाने घडणारं नव्हतं, म्हणून सक्ती काढणं मला बरोबर वाटतं.

मोठेपणी याचा काही उपयोग होतो का? १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये जन्मलेल्या सुमारे दहा हजार जणांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला. एडिंबरा आणि ग्लासगोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्यावरून दाखवलं की लहानपणी स्काऊट किंवा गाईड असलेल्यांना पन्नाशीत चिंता किंवा मनःस्थितीच्या विकारांचा त्रास होण्याचं प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी कमी होतं. गरीब-श्रीमंतांच्या मानसिक आरोग्यातलं अंतरही त्यांच्यात कमी दिसलं. स्काऊटिंगमुळेच हे झालं असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही, संशोधकांनीही तसं म्हटलेलं नाही. पण आठ जणांत वाढलेल्या मुलाला आधार मागता येतो, देताही येतो, हे शिबिरात बसून मला पटत होतं.

पाच पावलं

सर पाच पावलांवर उभे राहतात, हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात तेच सर मतदार याद्यांच्या कामाला जातात, सर्वेक्षणं करतात, ऑनलाइन माहिती भरतात आणि उरलेल्या वेळात शिकवतात. स्काऊटचं काम त्यावर. शनिवार-रविवार घरच्यांचा असतो, तो इथे जातो. बाईंची मुलगी दहावीला होती, तरी त्या शिबिराला आल्या होत्या.

पालकांचा प्रश्नही खरा आहे. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर या जिल्ह्यात आई-बाप मुलांना, विशेषतः मुलींना, रात्रभर बाहेर सोडताना दहा गोष्टी विचारतात. विचारायलाच हव्यात. अमेरिकेतल्या स्काऊट संघटनेला लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींमुळे २०२० मध्ये दिवाळखोरीत जावं लागलं, ८० हजारांहून अधिक जणांनी दावे केले. मुलांवर विश्वास टाकणाऱ्या चळवळीत मोठ्यांनी तो विश्वास मोडला. खडवलीच्या शिबिरात मोठं माणूस एकटं कुठल्या तंबूत गेलं नाही, कायम दोन मोठी माणसं एकत्र, मुलींच्या तंबूंजवळ बाई आणि दोन आया मुक्कामाला. हे नियम मुलांनाही माहीत होते, आणि मुलांना माहीत असणं हेच त्यांचं खरं बळ. नियम फक्त कागदावर असतील तर ते मोठ्यांच्या सोयीने वाकतात.

नदी ज्यांची आहे ती मुलं

शिबिराच्या कुंपणाबाहेर गावातली मुलं उभी राहायची. जवळच्या वाडीवरची, बरीचशी कातकरी घरांतली. दोर फेकण्याचा सराव ती मन लावून पाहत होती. त्यांच्यातल्या एकाने मला नदीतले तीन डोह नावानिशी सांगितले, कुठला खडक कुठल्या महिन्यात उघडा पडतो तेही सांगितलं. शहरातला कोणी बुडाला की त्याला शोधायला गावातली माणसंच पाण्यात उतरतात, त्याच्या काकाने अनेकदा असे देह काढले आहेत. त्याची शाळा मध्येच सुटते, कारण घर वीटभट्टीवर जातं.

गणवेश, स्कार्फ, टोपी, पट्टा, बूट, शिबिराचा खर्च हे सगळं जमवलं की मूल स्काऊट होतं. त्या मुलाकडे यातलं काही नाही, आणि नदीबद्दलचं ज्ञान मात्र संपूर्ण पथकापेक्षा जास्त आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत लहान मुलामुलींची कब-बुलबुल पथकं आहेत, काही शिक्षक ती जीव ओतून चालवतात. पण सातत्याने शाळेत न येणारं मूल तिथूनही निसटतं. चळवळ सेवेबद्दल बोलत असेल तर तिने या मुलाला मदतीचा लाभार्थी न समजता शिक्षक म्हणून आत बोलवायला हवं. मी हे सरांना म्हटलं. त्यांनी मोगरा संघाच्या नायिकेला हाक मारली आणि तिला विचारलं. ती थेट कुंपणापाशी गेली. शेवटच्या सकाळी त्या मुलाने दोर कसा फेकतात ते करून दाखवलं. तो कमरेतून वळून, खालून वर फेकत होता, आणि कॅन प्रत्येक वेळी रेषेपलीकडे बरोबर पडत होता. मुलांनी आपली पद्धत बदलली.

अर्ज

शेवटच्या दिवशी संघनायकांची सभा झाली. तिला ‘कोर्ट ऑफ ऑनर’ म्हणतात. चार संघनायक, चार उपनायक गोल करून बसले, बाई आणि सर मागे. हिशोब वाचला गेला, हरवलेल्या दोन चमच्यांवर चर्चा झाली, गरुडांनी भाताबद्दल स्वतःहून सांगितलं.

मग कमळ संघाच्या त्या कमी बोलणाऱ्या नायिकेने विषय काढला. पावसाळ्यात रविवारी खडवली स्टेशनच्या फलाटावर पथकाने उभं राहावं. नदीवर जायचं नाही, फक्त फलाटावर. गाडीतून उतरणाऱ्यांना सांगायचं की पाणी धरणातून सुटतं, डोह कुठे आहेत, कोणी बुडत असेल तर उडी मारू नका. बरोबर दोर आणि कॅन ठेवायचा. गरुडच्या नायकाने विचारलं, मोठी दादा लोकं आपलं ऐकतील का? ती म्हणाली, दहांतल्या एकाने ऐकलं तरी चालेल. यावर बराच वेळ वाद झाला. गाड्यांची वेळ, पालकांची परवानगी, रेल्वेची परवानगी, प्रत्येक वेळी बरोबर कोण मोठं माणूस असेल, वाडीवरच्या मुलाला बोलवायचं तर त्याच्या जेवणाचं काय, असे प्रश्न एकेक करून निघाले. शेवटी ठराव झाला आणि दोन अर्ज लिहायचे ठरले, एक मुख्याध्यापकांना, एक स्टेशन मास्तरांना.

पहिला अर्ज तिथेच लिहिला गेला. बाईंनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या, मजकुराला हात लावला नाही. अर्जात मुलांनी लिहिलं आहे की आम्हाला जून ते सप्टेंबरमधले रविवार हवे आहेत, आणि सहामाही परीक्षा जवळ आली की संघ आळीपाळीने येतील. मी हे लिहीत असताना त्या अर्जावर निर्णय झालेला नाही.